हिरवी पट्टी अर्ध्यावर अडकते तेव्हा

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. बचत गटाची लिखापढी त्या घरच्या कॉम्प्युटरवर करतात. त्यांनी लिहिलंय तसंच देतो:

"भाऊ, मागच्या सालचा ठराव शोधाले बसली का वरची हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते, मंग कॉम्प्युटरच अडकते. बंद करतो म्हटलं तं बंद होत नाही. शेवटी बटण दाबून बंद करा लागते. पोरगं म्हणते सर्चची सर्व्हिसच बंद करून टाक, व्हिडिओत सांगतात तसं. करू का?"

विंडोज १०, रॅम ४ जीबी, साधी १ टीबीची हार्ड डिस्क. सगळ्या फायली डी ड्राइव्हमध्ये. मोबाईलचे फोटोही त्यातच.

ताई, सर्व्हिस बंद करू नका, निदान आज तरी. तुमच्या वर्णनावरून दुखणं तिथं नाही, आणि ती बंद केल्यावर शोध आणखी संथ होण्याचीच शक्यता जास्त. का, ते पुढे सांगतो. आधी अडकलेला शोध थांबवायचा कसा ते पाहू, कारण बटण दाबून बंद करणं हे या सगळ्यातलं सगळ्यात महागात पडणारं काम आहे.

शोध चालू असताना फोल्डरच्या वर, पत्त्याच्या पट्टीशेजारी जे रिफ्रेशचं गोल बाणाचं बटण असतं, त्याची फुली होते. त्या फुलीवर क्लिक करा. एकदाच. घाईनं दहा वेळा क्लिक केलं की ती क्लिकं रांगेत लागतात आणि खिडकी 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवत आणखी वेळ खाते. फुलीनं ऐकलं नाही तर ती खिडकीच बंद करा. शोध त्या खिडकीपुरता असतो, खिडकी गेली की तोही जातो. खिडकीही हलेना, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' दिसेल, त्यावर उजवं क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा. क्षणभर खालची पट्टी गायब होईल, डेस्कटॉप कोरा पडेल. घाबरायचं नाही, सगळं परत येतं. उघडं असलेलं एक्सेल किंवा वर्ड जागच्या जागी राहतं, फक्त फोल्डरच्या खिडक्या मिटतात.

एवढ्यावर नव्वद टक्के वेळा काम होतं. पॉवर बटण धरून ठेवणं म्हणजे लाइन गेल्यासारखंच, आणि लाइन जायची तर आपल्याकडं वेगळी सोय करावी लागत नाही. त्या वेळी डिस्कवर काहीतरी लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. बऱ्याचदा ते लिहिणं खुद्द शोधाच्या सूचीचंच असतं. सूची बिघडली की पुढचा शोध आणखी रेंगाळतो, तुम्ही आणखी वैतागता, पुन्हा बटण दाबता.

आता ही सूची म्हणजे काय? तुम्ही काही शोधत नसतानाही विंडोज मागच्या मागं फायली वाचून त्यांची नावं आणि आतला मजकूर एका ठिकाणी नोंदवून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर' नावानं जे दिसतं ते हेच काम करणारं. तुम्ही नाव टाकलं की या नोंदीत पाहून उत्तर द्यायचं, अशी मूळ योजना. गावात कोणाची किती जमीन आहे हे तलाठी दप्तर उघडून सांगतो, बांधोबांध फिरून मोजत बसत नाही, तसंच. पण ज्या जागेची नोंदच दप्तरात नाही तिथं कॉम्प्युटरला बांधोबांध फिरावंच लागतं. तुमची हिरवी पट्टी म्हणजे ते फिरणं.

तुमच्या कॉम्प्युटरवर ते का होतंय, याचं उत्तर मला 'डी ड्राइव्ह' या दोन शब्दांत सापडलं. आपल्याकडं कॉम्प्युटर जोडून देणारा प्रत्येक जण जाताना एक उपदेश करून जातो: सीमध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारलं की सगळं जातं. उपदेश चांगलाच आहे, मीही तोच करतो. पण विंडोज आपणहून नोंद ठेवतं ती मुख्यतः सीमधल्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप अशा फोल्डरांची. डी ड्राइव्हची नोंद ठेव असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणजे गावाकडचं अख्खं काम जिथं असतं, नेमकी तीच जागा नोंदीबाहेर. इकडच्या घरांतले संथ शोधाचे जितके कॉम्प्युटर पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ हेच निघालं.

किती वेळ जातो त्याचा हिशेब करून पाहा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. डीमध्ये लाखभर फायली असतील (मोबाईलचे फोटो धरले तर सहज होतात) आणि शोध प्रत्येक फाइल उघडून पाहायला लागला, तर नुसत्या जाण्यायेण्याचे १००० सेकंद झाले. म्हणजे सोळा-सतरा मिनिटं, आणि त्यात वाचनाचा वेळ अजून धरलाच नाही. त्यात अँटिव्हायरसही उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो. म्हणून तो बंद करा असं मात्र मी सांगणार नाही. गटाच्या कामात किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात ते तुम्हालाच ठाऊक.

आता 'प्रत्येक फाइल उघडून' असं मी म्हटलं, पण नावं शोधायला फाइल उघडावी लागत नाही. मग कॉम्प्युटर ती उघडतो कशाला? याचं कारण एका खुणेत दडलेलं असतं. फोल्डरच्या वर 'व्ह्यू' मध्ये जा, 'ऑप्शन्स' उघडा, तिथं 'सर्च' नावाचा कप्पा आहे. खालच्या भागात तीन चौकोन दिसतील. शेवटचा सांगतो की नेहमी नाव आणि आतला मजकूर दोन्ही शोधायचं, आणि पुढं कंसात विंडोज स्वतःच इशारा देतं की याला काही मिनिटं लागू शकतात. तिथं बरोबरची खूण असेल तर काढा. त्याच्या वरची झिप फायलींची खूणही काढा. हे दोन चौकोन मुळात रिकामे असतात असं नाही, काही कॉम्प्युटरांवर एखादी खूण आधीपासून असते, आणि 'शोध पक्का व्हावा' म्हणून कोणीतरी व्हिडिओ पाहून दुसरीही लावून ठेवलेली असते. मुलाला विचारा, रागावू नका.

खुणा काढल्या की नोंदीबाहेरच्या जागेत फक्त नावं शोधली जातील. तेवढ्यानंच फरक दिसेल. पण ठरावातला मजकूर शोधायचा असेल, म्हणजे नाव आठवत नाही पण 'शेळीपालन' असा शब्द त्यात होता एवढं आठवतं, तर नोंद लागतेच. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' उघडा, 'मॉडिफाय' दाबा आणि डी ड्राइव्हच्या पुढचा बाण उघडून त्यातलं फक्त गटाच्या कागदांचं फोल्डर निवडा. अख्ख्या डीवर खूण करू नका. नोंदी ४ लाखांच्या पुढं गेल्या की सूचीच जड व्हायला लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, आणि पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओची नोंद ठेवून ठराव सापडणार नाही. सेटिंग्जमधल्या शोधाच्या पानावर 'क्लासिक' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन पर्याय दिसतात, त्यांतलं 'क्लासिक' राहू द्या. 'एन्हान्स्ड' म्हणजे सगळा कॉम्प्युटर नोंदवायला घेणं. ४ जीबीच्या यंत्राला ते झेपत नाही.

मग लोकांची दुसरी तक्रार येते: सांगितलं तसं केलं, आठवडा झाला, तरी फोल्डर सापडत नाही. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'च्या खिडकीत वर एक ओळ असते. 'इंडेक्सिंग कम्प्लीट' दिसलं तर ठीक. पण 'युजर अ‍ॅक्टिव्हिटीमुळं वेग कमी केलाय' अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर समजा की सूची बनवणाऱ्या बिचाऱ्या इंडेक्सरला वेळच मिळत नाहीये. तुम्ही काम करत असता तेव्हा तो मुद्दाम बाजूला होतो. लॅपटॉप बॅटरीवर असला तरी हात आखडता घेतो. आणि आपल्या घरात कॉम्प्युटर चालू होतो तोच कामाला. दोन तास ठराव टाइप केला, प्रिंट काढली, लगेच बंद, वीजबिल येते ना बाप्पा. त्यामुळं नोंदवणारा महिनोन् महिने अर्ध्यातच राहतो, आणि त्या अर्धवट कामाचाच भार तुम्हाला डिस्कच्या घरघरीत ऐकू येतो. म्हणून हे बदल केल्यावर एक रात्र कॉम्प्युटर चालू ठेवा. स्क्रीन बंद केली तरी चालेल, पण पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' वर 'नेव्हर' करून ठेवा, नाहीतर तोही झोपेल. लाइन जाण्याची भीती असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर रात्रीऐवजी दुपार निवडा, तुम्ही घरी असाल तेव्हा. फक्त मे महिन्याची दुपार नको. तेव्हा पंख्याखालीही डबा तापतो.

बटण दाबून बंद करण्यानं सूची आधीच बिघडली असेल तर? त्याच खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'रीबिल्ड' आहे. ते दाबल्यावर जुनी सूची पुसून नवी बनेल असा निरोप येतो. पुसणं हा शब्द पाहून पुष्कळ जण तिथूनच माघारी फिरतात. पुसली जाते ती नोंद. तुमच्या फायलींना हातही लागत नाही. नवी सूची बनेपर्यंत काही तास शोधाची उत्तरं अपुरी येतील, तेवढंच.

मला सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेलेला दिसतो ते मात्र यंत्राचं नाही, फायलींच्या नावांचं आणि फॉन्टचं प्रकरण आहे.

तुमचा ठराव कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, असं धरून चालतो. इकडची बहुतेक सरकारी टायपिंग त्यातच शिकलेली असते. कृतिदेवचं गुपित असं की स्क्रीनवर मराठी दिसत असलं तरी फाइलमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. 'बैठक' हा शब्द पाहा. ब साठी लहान सी, वरच्या दोन मात्रांसाठी मोठा एस, ठ साठी मोठा बी आणि क साठी लहान डी. कॉम्प्युटरच्या लेखी तो शब्द 'सीएसबीडी' आहे. तुम्ही शोधाच्या चौकटीत मोबाईलसारख्या कीबोर्डवरून युनिकोडमध्ये (म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत) 'बैठक' लिहाल, तर सगळा ड्राइव्ह पिंजून काढला तरी तो सापडायचा नाही. कॉम्प्युटर अर्धा तास फिरून रिकाम्या हातानं येतो आणि आपण म्हणतो सर्च खराब झालं.

उपाय सोपा आहे. चौकटीत कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि कृतिदेवमध्ये जी बटणं दाबली असती तीच दाबा. चौकटीत वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसतील. दिसू द्या. फाइल सापडेल. लहान-मोठ्या अक्षरांची चिंता नको, शोधाला त्यानं फरक पडत नाही. शब्द मात्र साधा निवडा, कारण जोडाक्षरांच्या काही बटणांतून कंस, स्वल्पविराम असली चिन्हं उमटतात आणि शब्द मध्येच तुटतो. उलट, फाइल युनिकोडमध्ये असेल तर युनिकोडमध्येच शोधा. आणि स्कॅन करून ठेवलेला पीडीएफ म्हणजे बहुधा नुसता फोटो असतो. त्यातला मजकूर कुठल्याच फॉन्टमध्ये सापडत नाही, तिथं नावावरच भिस्त.

नावांचंही तसंच. सातबारा लिहिताना मधली तिरपी रेघ विंडोज फाइलच्या नावात घेत नाही, म्हणून कोणी आडवी रेघ घालतो, कोणी '७१२' लिहितो, कोणी इंग्रजीत 'सातबारा'. घरात तिघं कॉम्प्युटर वापरत असतील तर तीन तऱ्हा. एक ठरवून टाका. शिवाय विंडोजचा शोध साधारणपणे शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. 'सातबारा' नावाची फाइल 'बारा' टाकून येईलच असं नाही. आधी चांदणी लावून '*बारा' टाकलं तर येते. मोबाईलवरून आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंना नाव नसतं असं वाटतं, पण अँड्रॉइडवर त्या नावातच तारीख असते: आधी 'आयएमजी', मग वर्ष-महिना-दिवस सलग, मग 'डब्ल्यूए' आणि क्रमांक. बँकेच्या पासबुकाचा फोटो १२ जून २०२४ ला आला हे आठवत असेल तर इंग्रजी अंकांत *२०२४०६१२* टाका, दोन्ही बाजूंना चांदणी. आणि मोबाईल वायरनं जोडलेला असताना मोबाईलच्या आत शोधत बसू नका, ती वाट फार संथ आहे. आधी फोटो कॉम्प्युटरवर उतरवा.

शोध कुठून सुरू करता त्यानंही फरक पडतो. 'धिस पीसी' वर उभं राहून शोधलं तर सी, डी, पेनड्राइव्ह, डीव्हीडीत विसरलेली ओरखडे पडलेली तबकडी, सगळं फिरणं होतं. आधी डीमधल्या गटाच्या फोल्डरात शिरा, मग शोधा.

आता मुलाच्या सल्ल्याकडं येतो. सर्व्हिस बंद केल्यानं शोध बंद होत नाही. दप्तर तेवढं बंद होतं, आणि मग प्रत्येक वेळी बांधोबांध फिरणं आलं. स्टार्ट मेनूतला शोधही लंगडा होतो. पण त्याचं अगदीच चूक नाही. ज्या घरी फक्त नावानंच शोधतात, मजकुरानं कधीच नाही, आणि यंत्र जुनं आहे, तिथं मी स्वतः सर्व्हिस बंद करून 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकून देतो. ते व्हॉइडटूल्सचं आहे. त्यांच्याच साइटवरून घ्या, भलत्या साइटच्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावरून नको. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवर फायलींच्या नावांचं एक मूळ रजिस्टर डिस्क स्वतःच ठेवत असते. एव्हरीथिंग तेच वाचतं, म्हणून अक्षर टाकता टाकता यादी समोर येते. सी आणि डी बहुधा एनटीएफएसच असतात, पेनड्राइव्ह बहुधा नसतात. तुम्हाला मजकूरही शोधावा लागतो, म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं: सर्व्हिस चालू, नोंद फक्त गटाच्या फोल्डराची, आणि नावांसाठी सोबत एव्हरीथिंग. दोन्ही एकत्र नांदतात.

एक शक्यता मात्र यातल्या कशानंच सुटत नाही. हे सगळं करून झाल्यावर टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' मध्ये डिस्क पाहा. वापर १०० टक्के आणि वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला १ एमबीच्याही खाली, असं बराच वेळ दिसत असेल, पट्टी दर वेळी त्याच एका फोल्डरपाशी अडकत असेल, किंवा डब्यातून कट-कट आवाज येत असेल, तर डिस्क जायला लागली असू शकते. मग शोध, रीबिल्ड, डिस्क दुरुस्तीच्या आज्ञा, सगळं बाजूला ठेवा. मरणाऱ्या डिस्कला असल्या फेऱ्या मारायला लावणं म्हणजे उरलेलं आयुष्य त्यातच घालवणं. पहिलं काम गटाचं फोल्डर दुसरीकडं उतरवणं. ते फोल्डर लहान असतं, पेनड्राइव्हमध्ये मावतं. फोटो नंतर, व्हिडिओ सगळ्यात शेवटी. त्यानंतर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत पाहा. निळा 'गुड' असेल तर बरं, पिवळा 'कॉशन' असेल तर त्या डिस्कवर नवीन काही ठेवू नका.

डिस्क बदलायचीच वेळ आली तर विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी घ्या. तिथं तबकडी नाही, सुई नाही, तो १० मिलिसेकंदांचा हिशेब जवळपास शंभराव्या हिश्श्यावर येतो. जुनी डिस्क चांगली असेल तर ती फोटोंसाठी आत राहू शकते. फक्त बसवणाऱ्याला आधीच सांगा की गटाचं फोल्डर एसएसडीवर हवं. आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळं नव्यानं विंडोज टाकताना तुमच्या यंत्रावर ११ चालतं का ते तपासून घ्यायला लावा. जुनी यंत्रं बऱ्याचदा त्यात बसत नाहीत. ४ जीबीवर तर चाललं तरी मी टाकायला सांगणार नाही, आधी रॅम ८ करा.

आज मात्र एवढंच करा: त्या दोन खुणा काढा, गटाचं फोल्डर नोंदीत घाला आणि टास्क मॅनेजरमधला डिस्कचा आकडा पाहून मला कळवा. आकडा पाहताना शोध चालू ठेवा, नाहीतर तो शून्यच दिसेल.